गुण सारखे, मग पुढे कोण?

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेलगावला होतो. बीड, परळी, माजलगाव आणि धारूर या चारी बाजूंचे रस्ते इथे मिळतात, त्यामुळे आसपासच्या गावांतले कबड्डीचे संघ जमायला हे गाव सोयीचे. मैदानावर तीन दिवसांची स्पर्धा होती. सोळा संघ, चार-चारांचे चार गट, गटात साखळी पद्धतीने सामने, आणि प्रत्येक गटातून दोन संघ बाद फेरीत. 'तुम्ही गणितवाले, हिशेबाला बसा,' असे म्हणून संयोजकांनी आम्हाला गुणलेखकाच्या टेबलाशी बसवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका गटात तीन संघांनी प्रत्येकी दोन सामने जिंकलेले, चौथा संघ तिन्ही हरलेला. जागा दोन आणि दावेदार तीन. नियमांच्या कागदावर एवढेच होते : 'गुण समान झाल्यास पंचांचा निर्णय अंतिम राहील.' पंचांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पटकन प्रत्येक संघाने मिळवलेल्या गुणांतून दिलेले गुण वजा केले आणि दोन नावे सांगितली.

पाचच मिनिटांत तिसऱ्या संघाचे क्रीडाशिक्षक टेबलाशी आले. मागे गुडघ्यांना माती लागलेली त्यांची पोरे. शिक्षक शांतपणे म्हणाले, "सर, ज्यांना आम्ही बारा गुणांनी हरवलं ते पुढं, अन् आम्ही घरी? हे कोणतं गणित?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. मग घरी येऊन ते सामने कागदावर मांडले. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून थोडे बदलून इथे देत आहोत. संघांना अ, ब, क, ड म्हणू.

अ वि. ब : ३०–२८
ब वि. क : ४१–२९
क वि. अ : ३३–२७
अ वि. ड : ५२–१४
ब वि. ड : ३५–३०
क वि. ड : ४४–२१

अ ने ब ला हरवले, ब ने क ला, आणि क ने पुन्हा अ ला. म्हणजे इथे चक्र तयार झाले. उंचीच्या बाबतीत असे कधी होत नाही. अ हा ब पेक्षा उंच आणि ब हा क पेक्षा उंच असेल, तर अ हा क पेक्षा उंच असतोच. 'हरवणे' या संबंधाला मात्र हा गुणधर्म नाही. मतदानातही असे चक्र होऊ शकते, हे फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्ये दाखवून दिले होते.

आता बघा. आम्ही लावलेला नियम होता एकूण गुणफरकाचा. अ ने मिळवले १०९ आणि दिले ७५, फरक +३४. ब चा १०४ उणे ८९, म्हणजे +१५. क चा १०६ उणे ८९, म्हणजे +१७. अ आणि क पुढे, ब घरी. पण यात ड विरुद्धचे सामनेही धरले आहेत. अ चा फरक एवढा मोठा दिसतो तो ड ला ३८ गुणांनी धुतल्यामुळे. 'दुबळ्याला किती बदडले, यावर आमची लायकी का ठरावी?' हा आक्षेप रास्त आहे.

मग ड ला वगळू आणि फक्त तिघांचे आपसातले सामने धरू. अ चा फरक +२ आणि –६ मिळून –४. ब चा –२ आणि +१२ मिळून +१०. क चा –१२ आणि +६ मिळून –६. आता ब पहिला, अ दुसरा, आणि क घरी! आणखी एक नियम घेऊ : आपसातल्या सामन्यांत फरक न बघता नुसते मिळवलेले गुण मोजू. अ चे ५७, ब चे ६९, क चे ६२. आता ब आणि क पुढे, आणि अ घरी.

सामने तेच, निकाल तेच. नियम बदलला की घरी जाणारा संघ बदलतो. यातला एकही नियम मूर्खपणाचा नाही. प्रत्येक नियम 'चांगला संघ' म्हणजे काय याचे वेगळे उत्तर देतो. एक म्हणतो, सगळ्यांविरुद्ध वर्चस्व. दुसरा म्हणतो, तोडीस तोड असलेल्यांविरुद्धचे वर्चस्व. तिसरा आक्रमक खेळाला महत्त्व देतो.

पण त्या शिक्षकांचा प्रश्न याहूनही बारीक होता. समजा नियम असा आहे : 'आधी आपसातला निकाल पाहावा, त्याने सुटले नाही तर एकूण गुणफरक.' तिघांत चक्र आहे, म्हणून पहिल्या पायरीने काही सुटत नाही. दुसऱ्या पायरीवर अ (+३४) पहिला ठरतो. उरले ब आणि क. आता पुढे काय करायचे? दुसरीच पायरी चालू ठेवली तर +१७ विरुद्ध +१५, म्हणून क. पण आता बरोबरीत दोघेच उरले आहेत, तर पुन्हा पहिल्या पायरीवर जाता येतेच की! आणि ब ने तर क ला हरवले आहे. म्हणजे एकच नियम दोन पद्धतींनी वाचता येतो आणि उत्तरे उलटी येतात. युरोपीय फुटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेले असते : काही संघ वेगळे काढल्यावर जे उरतील, त्यांच्यापुरते आपसातले निकष पुन्हा लावावेत. आमच्या कागदावर यातले काहीच नव्हते.

असा पेच किती वेळा पडावा? हे नववी-दहावीच्या मुलांना वर्गात सहज काढता येईल. चार संघांत सहा सामने होतात. बरोबरी सोडून दिली तर प्रत्येक सामन्याचे दोन निकाल, म्हणून एकूण २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ शक्यता. त्यांपैकी विजयांची संख्या ३, २, १, ० अशी येणाऱ्या २४. चार संघांना चार क्रमांकांवर जितक्या प्रकारे मांडता येते तितक्या. एक संघ तिन्ही जिंकतो आणि बाकीच्या तिघांत चक्र, असे (३, १, १, १) आठ प्रकारे : जिंकणारा चारांपैकी कोणीही आणि चक्राच्या दिशा दोन. तेलगावला झाले तसे (२, २, २, ०) तेही आठ प्रकारे. उरलेले २४ म्हणजे २, २, १, १. यात वरचे दोघे आपोआप ठरतात. म्हणजे ६४ पैकी १६ वेळा, चारात एकदा, पुढे कोण जाणार हे विजयांवरून ठरतच नाही. चार गट असतील तर चारही सुरळीत सुटण्याची शक्यता ८१/२५६, जेमतेम ३२ टक्के. अर्थात आपण सगळे संघ तुल्यबळ धरले आहेत. प्रत्यक्षात कमीजास्त असतात आणि पेच काहीसे कमी पडतात. सहा नाणी उडवून मुलांकडून शंभरेक 'स्पर्धा' करून घ्या, चौथ्या हिश्श्याच्या आसपास आकडा येतो का बघा.

हे चक्र काही गावच्या स्पर्धेपुरते नाही. १९९९ च्या क्रिकेट विश्वचषकात दोन्ही गटांत नेमके हेच झाले होते. भारताच्या गटात झिंबाब्वेने भारताला तीन धावांनी हरवले, इंग्लंडने झिंबाब्वेला, आणि भारताने इंग्लंडला. तिघांचे विजय सारखे. तिकडे दुसऱ्या गटात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला आणि वेस्ट इंडीजने न्यूझीलंडला हरवले होते. दोन्हीकडे निव्वळ धावगती काढावी लागली आणि इंग्लंड व वेस्ट इंडीज बाहेर पडले. इंग्लंड तर यजमान होते!

निव्वळ धावगती म्हणजे सगळ्या सामन्यांत मिळून दर षटकामागे काढलेल्या धावा उणे दर षटकामागे दिलेल्या धावा. कबड्डीतला गुणफरक नुसता वजाबाकीचा असतो, इथे भागाकारही आला. त्याची खरी गंमत २५ मे २०१४ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर दिसली. आयपीएलच्या शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानने २० षटकांत १८९ धावा केल्या. धावगतीत राजस्थानला मागे टाकायचे तर मुंबईला १९० धावा १४.३ षटकांतच करणे भाग होते. १४.३ षटके झाली तेव्हा मुंबईच्या धावा होत्या १८९! विजयाची धाव घेताना अंबाती रायुडू धावबाद झाला होता. सगळ्यांना वाटले, संपले. मग हिशेब आला : पुढच्या चेंडूवर चौकार बसला तर अजून जमते.

हे कसे? जास्तीचा एक चेंडू म्हणजे षटकाचा सहावा भाग. धावगती षटकाला आठच्या आसपास धरली, तर एका चेंडूची 'किंमत' सव्वा-दीड धावा होते. तेव्हा १४.४ षटकांत १९० ऐवजी दोनेक धावा जास्त हव्यात. पण धावून त्या मिळणार नाहीत, कारण १९० वी धाव पूर्ण होताच सामना संपतो. १९० च्या पुढे जायचा मार्ग एकच, चेंडू सीमेपार. मुंबईच्याच आदित्य तरेने पुढच्या चेंडूवर षटकार मारला. मुंबई १९५. दोन्ही संघांचे गुण १४, मुंबईची निव्वळ धावगती ०.०९५ आणि राजस्थानची ०.०६०.

नियम नुसता शेवटी निकाल लावत नाही, तो आधीपासून खेळ बदलतो. याचे सर्वांत विचित्र उदाहरण २७ जानेवारी १९९४ चे. कॅरिबियन चषक फुटबॉलच्या पात्रता फेरीत बार्बाडोसला ग्रेनेडावर दोन गोलांनी विजय हवा होता. जादा वेळेतला पहिला गोल सामना संपवेल आणि तो दोन गोलांएवढा धरावा, असा त्या स्पर्धेचा नियम होता. बार्बाडोस २–० ने पुढे असताना शेवटी शेवटी ग्रेनेडाने एक गोल फेडला. वेळ थोडा उरला होता. बार्बाडोसच्या खेळाडूंनी विचार केला आणि चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला! २–२, म्हणजे जादा वेळ, म्हणजे दोन मोलाचा गोल करायची संधी. ग्रेनेडाच्या हे लक्षात आले. त्यांना आता कोणत्याही बाजूला गोल झाला तरी चालणार होते, कारण ३–२ ने जिंकले काय किंवा २–३ ने हरले काय, ते पुढे जाणारच होते. उरलेली मिनिटे बार्बाडोसचे खेळाडू मैदानाची दोन्ही टोके राखत होते. जादा वेळेत त्यांनी गोल केला आणि ते पुढे गेले. यात लबाडी कुणाचीच नव्हती. नियम लिहिणाऱ्यांनी तो पुढे कुठे नेईल हे तपासले नव्हते, एवढेच.

रग्बीवाल्यांनी पेच आधीच कमी करायचा प्रयत्न केला आहे. विजयाला चार गुण. शिवाय चार किंवा अधिक ट्राय केल्यास एक जादा गुण, आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास हरणाऱ्यालाही एक. (आपल्याकडे २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत अनेक हंगाम असाच सात गुणांचा नियम होता.) याने गटातले आकडे विखुरतात आणि बरोबरी कमी होते. पण २०१५ च्या विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ असे हरवले, तेव्हा जपानला मिळाले चार गुण आणि हरलेल्या आफ्रिकेला दोन : चार ट्राय केले म्हणून एक आणि थोडक्यात हरले म्हणून एक. त्या गटात आफ्रिका, स्कॉटलंड आणि जपान या तिघांनी प्रत्येकी तीन सामने जिंकले. गुण मात्र १६, १४ आणि १२. तीन विजय मिळवूनही गटातच बाहेर पडलेला जपान हा विश्वचषकातला पहिला संघ. जादा गुण हाही शेवटी आधीच लावून ठेवलेला बरोबरी-निवारक नियमच आहे.

तेलगावला त्या संध्याकाळी आम्ही सांगितलेला निकाल कायम राहिला. ब संघाची मुले टेम्पोत बसून अंधार पडायच्या आत निघून गेली. तो नियम आम्ही चुकीचा लावला असे नाही, पण सामने संपल्यावर, आकडे समोर दिसत असताना निवडला, हे आम्हाला आजही खटकते.

पुढच्या वर्षी संयोजकांनी नियम ठरवायला त्याच क्रीडाशिक्षकांना बोलावले. मांडवाच्या खांबाला टांगलेल्या फळ्यावर, पहिल्या सामन्याच्या आधी, खडूने पाच ओळी लिहिल्या होत्या : आपसातले निकाल, आपसातला गुणफरक, एकूण गुणफरक, एकूण मिळवलेले गुण, आणि शेवटी चिठ्ठी. खाली ठळक अक्षरांत : 'एक संघ वेगळा निघाल्यास उरलेल्यांसाठी पुन्हा ओळ १ पासून.' आम्ही तो फळा वाचत असताना आठवीतला एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पावसानं एखादा सामनाच झाला नाही, तर?"