सरकारी वकील नेमका कोणाचा?

फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध उभा राहणारा वकील पोलिसांचा, असा सर्रास समज आहे. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा असला, तरी त्याला इतिहासाचा आधार आहे. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे कितीतरी खटले पोलीस खात्यातलेच अधिकारी चालवत. तपास ज्या खात्याने केला, पुराव्याची पारखही त्याच खात्याने करायची. ही पद्धत बदला, असे विधी आयोगाने १९५८मध्येच सुचवले होते. १९७३च्या संहितेत सहायक सरकारी वकिलांच्या नेमणुकीची तरतूद आली, तरी महाराष्ट्रात ते पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिले. अखेर १९९५मध्ये शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांचा वेगळा संवर्ग करायला लावले. सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, हे तर त्याच न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या एका प्रकरणात आदल्याच वर्षी सांगितले होते.

पोलिसांपासून सुटका झाली, गृह विभागापासून मात्र नाही. खरी गोम इथे आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २० सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख करणाऱ्या अभियोग संचालनालयाची रचना सांगते आणि संचालकाला गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली ठेवते. पोलीसही त्याच विभागाखाली! संचालकासाठी वकिलीच्या अनुभवाची अट दहा वर्षांवरून पंधरा झाली, हे चांगलेच. पण नेमणुकीला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागत असे, ती अट नव्या कलमात उरलेली नाही. अनुभव वाढवला आणि कवच काढून घेतले, असा हा व्यवहार मला वाटतो.

यावर आक्षेप येतो तो असा, की निवडून आलेल्या सरकारला खटल्यांबाबत काहीच म्हणता येत नसेल, तर वकील जबाबदार कोणाला? आक्षेप रास्त आहे, पण केरळचे उदाहरण त्याची मर्यादा दाखवते. २०१५मध्ये विधानसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी मोडतोड झाली तेव्हा आरोपी आमदार विरोधी बाकांवर होते. त्यांची आघाडी सत्तेवर आल्यावर खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलामार्फतच झाला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करायला नकार दिला. आता नव्या संहितेच्या कलम ३६०प्रमाणे खटला मागे घेताना पीडिताचे म्हणणे ऐकावेच लागते. तरीही अर्ज करण्याचा दबाव वकिलावर यायचा तो येतोच.

जबाबदारी आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, हे इंग्लंडच्या १९८५च्या कायद्यात दिसते. तिथे अभियोग सेवेच्या प्रमुखावर देखरेख ॲटर्नी जनरलची असते आणि संसदेला उत्तरही तेच देतात. मात्र एखादा खटला चालवायचा की नाही, हे जाहीर नियमावलीने ठरते: दोषसिद्धीची वास्तव शक्यता आहे का, आणि खटला लोकहिताचा आहे का. आपल्या संहितेत अशी नियमावली नाही. आपल्याकडे दोषारोपपत्र दाखल करण्याचा निर्णयही पोलिसांचाच असतो. पोलीस हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राने यात पडू नये, असेही म्हटले जाते; पण फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे आणि त्याच अधिकारात संसदेने कलम २० लिहिले. राज्यांनी नेमणुका आपापल्या कराव्यात. मुख्य न्यायमूर्तींची सहमती आणि जाहीर नियमावली या दोन अटी मात्र संसद त्याच कलमात घालू शकते.