कल्पनेचे जॉबवर्क

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातून सकाळी कामाला निघणाऱ्यांत वसईच्या गाळ्यांत जाणारेही असतात. गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत 'जॉबवर्क' हा शब्द रोजचा. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, मापे देते, कधी कच्चा मालही देते. गाळेवाला तेवढा भाग घडवून देतो. येथे हात बाहेरचे, पण डोके कंपनीचे.

आता समजा, कंपनीने ड्रॉइंग दिलेच नाही. 'इतके वजन पेलणारी, न गंजणारी कडी हवी. कशी करायची ते तुम्हीच ठरवा,' एवढेच सांगितले, तर? मग डोकेही बाहेरचे झाले. नव्या वस्तूचा विचारच बाहेरून करून घेणे कधी फायद्याचे ठरते आणि कधी अंगाशी येते, हा आज संशोधनाचा विषय आहे.

त्याचे मूळ जुने आहे. सगळे काही बाजारात विकत मिळत असताना कंपनी हवीच कशाला, असा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारला. उत्तर असे की योग्य माणूस शोधणे, घासाघीस, करार यांनाही खर्च येतो. तो फार वाढला की काम घरातच केलेले बरे. बोल्ट विकत घेताना हा खर्च थोडा असतो, कारण माप लावून पाहता येते. कल्पनेला माप कोणते लावणार? शिवाय ती पारखायची तर आधी ऐकावी लागते. आणि एकदा ऐकली की ती फुकटच मिळाली! हा पेच केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखवून दिला. पेटंटमुळे तो काही अंशी सुटतो: कल्पना उघड होते, तरी हक्क राहतो.

याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. १९८९ ते १९९५ या काळात डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे संचालक होते. पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक व अतिशय चिवट प्लॅस्टिक. ते करण्याच्या रूढ पद्धतीत फॉस्जीन हा विषारी वायू लागतो. दुसरा मार्ग असा: आखूड साखळ्यांच्या रेणूंचे स्फटिकमय चूर्ण घ्यायचे आणि ते वितळू न देता तापवायचे. साखळ्या घन अवस्थेतच एकमेकींना जोडल्या जाऊन लांब होतात. या विषयावरील पुण्याच्या कामामुळे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी प्रयोगशाळेचे नाते जुळले. पुढे २००० मध्ये या कंपनीने बंगळूरला स्वतःचे संशोधन केंद्रच उघडले.

एवढी मोठी कंपनी बाहेरचे संशोधन घेते, याचा अर्थ तिला स्वतःला काही येत नाही असा नव्हे. उलट येत होते म्हणूनच पुण्याच्या कामाचे मोल तिला कळले. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थाल यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा मांडला. बाहेरचे ज्ञान ओळखण्याची, पचवण्याची आणि वापरण्याची ताकद आपल्याजवळ आधी असलेल्या ज्ञानावर अवलंबून असते. कोरड्या, टणक जमिनीवरून पावसाचे पाणी वाहून जावे, तसे अनभ्यस्त कंपनीवरून नवे ज्ञान वाहून जाते.

ही जाण असूनही जोडकामाचा अंदाज चुकू शकतो. बोइंग कंपनीने ७८७ विमानाचे मोठमोठे भाग आराखड्यासकट जपान, इटली आदी देशांतील कंपन्यांवर सोपवले. भाग जुळेनात, कामे अडली. २००८ मध्ये द्यायचे पहिले विमान २०११ मध्ये दिले गेले.

हे वर्गात सहज दाखवता येईल. एका गटाला पुठ्ठ्याची डबी करायला सांगा, दुसऱ्याला तिचे झाकण. दोघांत फक्त एक चिठ्ठी जाऊ द्या. झाकण बसले नाही की चिठ्ठीत काय राहिले, हे मुलेच शोधतील. पुठ्ठ्याची जाडी बहुधा कोणीच लिहिलेली नसेल!

आणि एक प्रश्न आपल्यालाही. विज्ञान प्रदर्शनासाठी तयार प्रतिकृती दुकानातून आणली, तर बक्षीस कदाचित मिळेल. पण ती बंद पडली, तर दुरुस्त कोण करील? सुताराकडून लाकूड कापून घ्यायला हरकत नाही. ते कुठे कापायचे, हे मात्र मुलांनीच ठरवले पाहिजे. काम बाहेर देता येते. समज बाहेर देता येत नाही.