गाडी वेळेवर सुटते, मराठी फलाटावर राहते

वर्धा, प्रतिनिधी : नागपूरकडून येणारा लोहमार्ग सेवाग्रामपाशी दुभंगतो, एक फाटा मुंबईकडे जातो, दुसरा बल्लारशामार्गे चेन्नईकडे. जोडगाडी चुकलेला प्रवासी येथे मुकाट्याने पुढच्या गाडीची वाट पाहतो. जगभरातील स्वयंसेवक व अभियंते मिळून घडवीत असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक प्रकल्पांत नव्या आवृत्त्याही याच रीतीने निघतात. संगणक मराठीतून वापरू पाहणाऱ्याला हे वेळापत्रक ठाऊक असलेले बरे.

पूर्वी 'तयार होईल तेव्हा' हीच रीत होती. 'डेबियन' या लिनक्स प्रणालीची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली. पुढची यायला जून २००५ उजाडला. पुढची आवृत्ती केव्हा येईल याचा भरवसा नसला की प्रत्येकाला आपली सुविधा याच खेपेत हवी असते आणि विलंबातून विलंब जन्मतो. 'ग्नोम' या प्रकल्पाने २००२ मधील २.० आवृत्तीनंतर सहामाही वेळापत्रक स्वीकारले. आजही त्याच्या आवृत्त्या मार्च व सप्टेंबरच्या सुमारास येतात. तारीख ठरलेली, अपुरी राहिलेली सुविधा पुढच्या गाडीने.

या तारखेपूर्वी एकेक दार बंद होते. आधी नव्या सुविधांची भर थांबते, पडद्याची मांडणी गोठते आणि त्यानंतर मेनू व सूचनांमधील इंग्रजी शब्दरचना बदलण्यास मनाई होते. ही शेवटची मनाई भाषांतरकारांसाठी असते. कारण यंत्र भाषांतर शोधते ते मूळ वाक्य अक्षरशः जुळवून. इंग्रजी वाक्यातला एक स्वल्पविराम हलला तरी त्याचे मराठी रूप बाद ठरते आणि पडद्यावर इंग्रजीच उमटते. म्हणूनच ग्नोममध्ये या मुदतीनंतर शब्द बदलायचा तर भाषांतर गटाची संमती लागते. मोठ्या भाषांचे गट ऐनवेळच्या बदलाला पुरून उरतात. मराठीसारख्या मूठभर हातांच्या गटाला मात्र तो बदल पुढच्या सहामाहीवर ढकलावा लागतो. शिस्तीचा खरा लाभ कोणाला, हे यातून उमगावे.

शिस्त मोडण्यातही कधी शहाणपण असते. 'उबुंटू'ची आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. पडताळणी, भाषांतर व एकंदर सफाईसाठी ती सुमारे सहा आठवडे लांबवण्यात आली आणि १ जून रोजी निघाली. तिच्या ६.०६ या क्रमांकातच तो उशीर नोंदला गेला आहे. दीर्घकाळ पाठबळ मिळणारी ती उबुंटूची पहिलीच आवृत्ती असल्याने घाईतील उणिवा वर्षानुवर्षे सोसाव्या लागल्या असत्या.

राहून गेलेले भाषांतर नंतरच्या दुरुस्तीतून येऊ शकते. पण त्यासाठी इंटरनेट हवे. उबुंटूच्या मोफत चकत्या २०११ पर्यंत टपालाने घरपोच येत. तेवढ्यावरच प्रणाली बसवून पुढे इंटरनेटशी संबंध न ठेवणाऱ्याला चकती निघाली त्या दिवशी जेवढी मराठी तयार होती, त्याहून अधिक मिळत नसे.