वाचलं तरी लिहिणारी डिस्क

एखादी फाइल आपण नुसती उघडून वाचली, तिच्यात काना-मात्रेचाही बदल केला नाही, तर डिस्कवर काही लिहिलं जाईल असं कुणालाच वाटणार नाही. पण युनिक्सच्या घराण्यात कित्येक वर्षं ते लिहिलं जात होतं. तिथे प्रत्येक फाइलबरोबर तीन वेळा नोंदलेल्या असतात. मजकूर शेवटचा कधी बदलला तो एमटाइम, मालक किंवा परवानग्या यांसारख्या तपशिलांत कधी फेरफार झाला तो सीटाइम, आणि फाइल शेवटची कधी वाचली तो एटाइम. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या तिन्ही नोंदी आहेत. पुढे पॉसिक्स या मानकानेही त्या कायम केल्या आणि लिनक्सकडे त्या वारशाने आल्या.

यातली तिसरी नोंद फार महागात पडत होती. हजारो फाइलींच्या फोल्डरमध्ये एखादा शब्द शोधला की तेवढ्याच फाइलींचा एटाइम बदलायचा. मजकूर आधीच मेमरीत असला आणि तो वाचायला डिस्कला हात लावायची गरज नसली, तरी ही नोंद थोड्या वेळाने डिस्कवर उतरवावी लागे. नोंद असते काही बाइटची, पण लिहावा लागतो आख्खा ब्लॉक, सहसा ४०९६ बाइटचा. लॅपटॉपची थांबलेली हार्ड डिस्क तेवढ्यासाठी पुन्हा फिरू लागे आणि बॅटरी उतरे. फ्लॅश मेमरीवर तर किती वेळा लिहिता येईल यालाच मर्यादा असते. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नेलवर, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यावर, काम करणाऱ्या इंगो मोल्नार यांनी आग्रहाने मांडलं की डिस्कच्या वेगाच्या बाबतीत लिनक्समधली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

मग ती नोंद सरळ बंद का केली नाही? तशी सोय होतीच. नोएटाइम हा पर्याय लावला की काम भागत असे. पण काही जुने, भरवशाचे प्रोग्राम याच नोंदीवर चालत होते. मट हा टपाल वाचण्याचा प्रोग्राम घ्या. टपालाच्या फाइलचा एमटाइम एटाइमपेक्षा ताजा असेल, तर मागच्या वाचनानंतर नवं पत्र आलंय, असा त्याचा हिशेब. तात्पुरत्या फाइली झाडून काढणारे प्रोग्रामही एटाइम बघतात आणि बरेच दिवस कुणी न वाचलेली फाइल पुसून टाकतात. नोंद थांबली तर एकाला नवं-जुनं कळणार नाही आणि दुसरा रोज वापरातली फाइल उडवेल.

मायक्रोसॉफ्टने २००७ साली बाजारात आणलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये शेवटच्या वाचनाची नोंद सरळ बंदच ठेवली. लिनक्सवाल्यांनी मात्र आधी विचारलं, की या नोंदीकडून कुणाला नेमकं काय हवंय? मला या कथेतलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं.

उत्तर दोन टप्प्यांत आलं. फेब्रुवारी २००७ मधल्या २.६.२० या कर्नेलमध्ये व्हॅलेरी हेन्सन यांचा रेलएटाइम हा पर्याय आला. आधीचा एटाइम शेवटच्या बदलापेक्षा जुना असेल तरच तो पुढे सरकवायचा. म्हणजे बदलानंतरचं पहिलं वाचन नोंदवलं जातं, पुढची सोडून दिली जातात. मटला हवं होतं तेवढं मिळालं. पण कधीच न बदलणारी, तरी रोज वाचली जाणारी फाइल सफाईवाल्याच्या तावडीत सापडतच होती. मग मॅथ्यू गॅरेट यांची भर पडली: नोंद २४ तासांहून जुनी असेल, तर बदल झालेला नसला तरी ती ताजी करायची. सफाईचे प्रोग्राम दिवसांत मोजतात, त्यामुळे त्यांना एवढं पुरतं. जून २००९ मध्ये २.६.३० कर्नेल आलं आणि रेलएटाइम ही लिनक्सची नेहमीची रीत झाली. जुनी वागणूक हवी असणाऱ्यांसाठी स्ट्रिक्टएटाइम हा पर्याय ठेवला.

पॉसिक्सच्या अक्षराला यात थोडी मुरड पडली हे खरं, पण ती घालणं योग्यच होतं. वापरकर्त्याचे प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांचा दंडक पाळला गेला आणि फुकटचं लिहिणंही बहुतांशी थांबलं.

ज्यांना फाइलींवरून तपास करावा लागतो, त्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. लिनक्सवर दिसणारी शेवटच्या वाचनाची वेळ जवळपास एक दिवस मागे असू शकते. तेवढ्या एका नोंदीवरून कुणी फाइल कधी उघडली, याचा निष्कर्ष काढू नये.