वडाचे सूत, बैलाची झूल

नीरा जेथे भीमेला मिळते त्या नरसिंहपुरात काय किंवा पुण्याच्या एखाद्या पेठेत काय, ज्येष्ठ पौर्णिमेच्या सकाळी वडाभोवती सुताचे वेढे पडू लागतात आणि दुपारपर्यंत बुंध्याची साल पांढऱ्या सुताखाली दिसेनाशी होते. झाड पुष्कळदा सार्वजनिक जागेतले असते. तरीही ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची परवानगी कोणी मागत नाही. ती मागावी असे कोणाला सुचतही नाही. मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. परंतु वडाच्या सुताशी त्याचा संबंध जोडणारा मनुष्य हास्यास्पदच ठरेल.

पाश्चात्त्य शहरांत गेल्या दोन दशकांत याच्याशी साम्य असलेला एक प्रकार रूढ झाला आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मॅग्डा सायेग या स्त्रीने २००५ मध्ये आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचे विणलेले आवरण चढविले. येणारेजाणारे थांबून पाहू लागले, तेव्हा रस्त्यावरील फलकाच्या खांबालाही तिने तसेच आवरण घातले. पाहता पाहता अनेक देशांतील खांब, बाके आणि झाडे लोकरीने मढू लागली. या प्रकाराला ‘यार्न बॉम्बिंग’ असे काहीसे भयप्रद नाव पडले. त्यातील ‘बॉम्ब’ हा रात्रीतून भिंती रंगवून जाणाऱ्यांच्या बोलीतून आलेला आहे. केवळ गंमत म्हणूनच हे होते असेही नाही. इराक युद्धातील डेन्मार्कच्या सहभागाचा निषेध म्हणून मारियान योर्गेनसेन या कलावतीने २००६ मध्ये कोपनहेगन येथे एक लष्करी रणगाडा चार हजारांहून अधिक गुलाबी विणलेल्या चौकोनांनी झाकला होता.

परवानगीचा प्रश्न मात्र न्यूयॉर्कमध्ये मोठ्या मौजेने उभा राहिला. वॉल स्ट्रीटनजीकच्या ब्राँझच्या प्रसिद्ध बैलावर ओलेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलिश कलावतीने २०१० च्या डिसेंबरात गुलाबी-जांभळी विणलेली झूल चढविली. काही तासांतच ती उतरविण्यात आली, कारण परवाना नव्हता. वस्तुतः तो बैल तरी कोठे परवाना घेऊन आला होता? आर्तुरो दि मोदिका या शिल्पकाराने १९८९ च्या डिसेंबरात एका रात्री तो शेअरबाजाराच्या दारात आणून ठेवला. तो हलविण्यात आला, लोकांनी आरडाओरडा केला, आणि जवळच्याच एका उद्यानापाशी त्याला जागा मिळाली. पुढे त्याची वहिवाट पडली. वहिवाटीचा बैल सार्वजनिक शोभा ठरला आणि झूल अतिक्रमण ठरली. सार्वजनिक जागेचा हक्क कायद्याच्या पुस्तकापेक्षा वहिवाटीने अधिक ठरतो, ही गोष्ट न्यूयॉर्कमध्ये जितकी खरी तितकीच नरसिंहपुरातही.

या कलेवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: एवढ्या लोकरीत किती गरिबांचे स्वेटर झाले असते! अर्थशास्त्रात याला वैकल्पिक खर्च म्हणतात, आणि प्रश्न गैर नाही. परंतु आपल्याकडे चौकाचौकांत वाढदिवसांचे फलक झळकतात, तेव्हा त्या खर्चात किती मुलांचे गणवेश झाले असते असा हिशेब क्वचितच मांडला जातो. शिवाय घरात बसून कुटुंबासाठी विणणाऱ्या स्त्रीच्या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कधीच होत नाही. तेच विणकाम रस्त्यावरील खांबावर चढले की मात्र त्याची किंमत काढणारे पुढे सरसावतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो कचऱ्याचा. ॲक्रिलिकची लोकर कुजत नाही. पावसात भिजून, धूळ खाऊन ती ओंगळ होते आणि काढण्याचे काम अखेर सफाई कामगाराच्या वाट्याला येते. वडाच्या बाबतीत जुन्या रीतीत यावर आपोआप तोड निघालेली होती. सूत कच्चे, कापसाचे. आणि पौर्णिमा पावसाळ्याच्या तोंडावर. आषाढ-श्रावणाच्या सरींत ते कुजून गळून जाई. त्याच्या जागी पॉलिएस्टरचा दोरा आला तर तो पुढच्या पौर्णिमेपर्यंत तसाच राहणार आणि वाढत्या खोडाला काचणार. शहरांतील प्रकार याहून वाईट आहे. वडापर्यंत जाण्याची सवड नाही म्हणून बाजारातून फांदी विकत आणली जाते. फांदीला भाव आहे, उभ्या झाडाला नाही; तेव्हा पौर्णिमेच्या आधी झाडे ओरबाडली जावीत यात आश्चर्य ते काय? शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे, पण तो या फांद्यांच्या ढिगाऱ्यापाशी पोहोचल्याचे फारसे दिसत नाही.

वहिवाट जशी परवानगी देते तशी ती नाकारतेही. ह्यूस्टनच्या खांबावर कोणीही विणावे. वडाला सूत गुंडाळण्याचा मान मात्र सवाष्णीचा. पती गेला की त्याच स्त्रीचे, त्याच झाडाभोवतीचे वर्षानुवर्षांचे फेरे थांबतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड येथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. असा ठराव झालेल्या गावातही ज्येष्ठ पौर्णिमेच्या सकाळी ताट घेऊन निघालेली शेजारीण तिच्या दाराशी थांबून तिला हाक मारते की नाही, याची नोंद ग्रामपंचायतीच्या कोणत्याही दप्तरात होत नाही.