पक्षाघातानंतर पेशंट नीट बोलतो, पण टोमणा कळत नाही. असं का होतं?

‘पिकावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव’ म्हटलं की कुणी तेलाची बाटली शोधत नाही. शब्दामागचा अर्थ आपल्याला आपोआप कळतो. मेंदूला इजा झाली तर मात्र हीच साधी गोष्ट अवघड होऊ शकते.

पक्षाघात म्हणजे हातपाय आणि वाचा जाणं, एवढंच आपल्याकडे धरलं जातं. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं मुख्य काम डाव्या भागात चालतं. डाव्या भागाला मार बसला तर उजवं अंग लुळं पडतं आणि बऱ्याचदा वाचाही जाते. उजव्या भागाला मार बसला तर डावं अंग जातं, पण पेशंट बोलत राहतो. घरच्यांना वाटतं, डोकं शाबूत आहे. फसगत इथेच होते.

अमेरिकेतील एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी १९७७ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. आपण ‘मन जड झालं’ म्हणतो, तसा इंग्रजीत ‘जड काळीज’ असा शब्दप्रयोग आहे. त्यांनी पेशंटला चित्रं दाखवली. एकात रडणारा माणूस, दुसऱ्यात भलंमोठं काळीज उचलून लडखडणारा माणूस. डाव्या भागाला इजा झालेल्यांना बोलता येईना, पण ते बहुधा रडणाऱ्या माणसावर बोट ठेवत आणि दुसरं चित्र बघून हसत. उजव्या भागाला इजा झालेले अनेकजण काळीज उचललेलं चित्र निवडत, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. गंमत म्हणजे तोंडी विचारलं तर त्यातले बरेचजण बरोबर अर्थ सांगत.

पुढच्या अभ्यासांत दिसलं, की म्हणी-वाक्प्रचार समजायला मेंदूचा डावा भागही लागतो. त्यामुळे प्रत्येक पेशंटला सारखाच त्रास होईल असं नाही.

घरी काय करायचं? उशिरा जेवायला आलेल्या पेशंटला ‘वा, फार लवकर आलात!’ म्हटलं, तर तो ते खरंच धरू शकतो. त्याला हट्टी किंवा बेरकी ठरवू नका. सरळ, छोट्या वाक्यात बोला: ‘जेवण गार झालंय, आता जेवून घ्या.’ चेष्टा केली तर ती चेष्टा आहे हे सांगा. व्यवहाराच्या, सही-अंगठ्याच्या गोष्टी दोनदा समजावा आणि काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना हा बदल आवर्जून सांगा. वाचा-उपचार फक्त बोलता न येणाऱ्यांसाठी नसतात. बोललेलं न उमगणाऱ्यांसाठीही असतात.