स्थिर सायकलीवरील बोरघाट
(लेखांक चौथा)

आषाढाच्या धारा सुरू झाल्या की एरवी पहाटे पळस्पे फाट्यावरून शेडुंग-चौकपर्यंत रपेट करून येणारी पनवेलची सायकलस्वार मंडळी व्यायामशाळेतील स्थिर सायकलींचा आश्रय घेतात. आणि त्यांचा तास घेण्याची जबाबदारी ज्याच्याकडे येते त्या प्रशिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, जागचे हलायचे नसताना पाऊण तास माणसाचे चित्त गुंतवून ठेवावे कसे. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिस येथे जॉनी गोल्डबर्ग यांनी स्थिर सायकलीवरील तासाचा हा प्रकार घडविला तो रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या सरावासाठी; तेव्हा तासाला रस्त्याचाच साचा द्यावा हे त्याच्या मूळ प्रकृतीस धरूनच आहे. आणि पनवेलकराला रस्ता शोधण्यास दूर कशाला जावे लागते? मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा जुना मार्ग त्याच्या दारावरून जातो, आणि तिच्यातील ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्या चढावर ठरतो तो बोरघाट, सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत 1830 साली गाडीरस्ता म्हणून खुला झालेला, प्रत्येकाच्या पोटऱ्यांना ठाऊक आहे.

मात्र पनवेल सोडण्यापूर्वी एका गोष्टीची तजवीज करावी. रस्त्यावरच्या सायकलीस फ्रीव्हील असते, पाय थांबविले तरी चाक आपले धावते. येथे बहुतेक सायकलींचे सुमारे 18 किलो वजनाचे फ्लायव्हील पायडलांशी थेट जखडलेले असते, त्यामुळे पाय एकाएकी रोखू पाहणाऱ्याचे गुडघे ते चाकच ओढून नेते. म्हणून ताणाचा नॉब खाली दाबून चाक थांबविण्याची क्रिया प्रत्येक नवागताकडून, तोंडी सांगून नव्हे, स्वहस्ते करवून घ्यावी.

आता चौकपर्यंत हलका ताण, मिनिटाला 80-90 फेरे, एवढ्यात अंग तापते. खोपोलीस पाणी प्यावे. पनवेलच्या दमट हवेत घाम वाळत नाही, सबब पंखा ही चैन समजू नये. पुढे घाट लागला की ताण थोडाथोडा वाढवीत फेरे 60-70 वर आणावेत, आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी बैठकीवरून उठण्याचा हुकूम द्यावा, पण ताण पुरेसा असेल तरच. कारण ताण नसताना उभे राहून पाय गरगरा फिरविणे हा जो प्रकार उत्साही वर्गांत टाळ्या मिळवितो, तो माझ्या मते निव्वळ उच्छाद आहे.

पहिल्यानेच आलेल्याला घाट चढवूच नये. अशा पहिल्याच तासाच्या अतिरेकाने मांड्यांचे स्नायू विघटित होऊन, लघवी काळसर होऊन, मूत्रपिंडांवर बेतल्याचे दाखले वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत; आणि असा मनुष्य बहुधा शेजाऱ्याची बरोबरी करण्याच्या भिडेपायी थांबत नाही. त्याला खोपोलीसच उतरून परतण्याची मुभा आहे, हे प्रशिक्षकाने सर्वांसमक्ष, आरंभीच जाहीर करावे, म्हणजे मध्येच उतरण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

लोणावळा आले म्हणून पटकन खाली उतरू देऊ नये. पायांत उतरलेले रक्त वर ढकलण्याचे काम फिरत्या पोटऱ्या करीत असतात; त्या अकस्मात थांबल्या तर घेरी येते. पाच-सात मिनिटे पाय सैल फिरू द्यावेत. लोणावळ्यापुढचा पुण्यापर्यंतचा रस्ता, आणि त्याला साजेसे संगीत, पुढील लेखांकी.